आपलं मूळ घराणं : 'लिटल थिएटर'

मराठी मुलांच्या नाटकाचा संस्था म्हणून इतिहास १९५९ सालापासून मोजावा लागतो. त्या वर्षी मुंबईत सुधा करमरकर यांनी 'बालरंगभूमी – लिटल थिएटर' सुरू केलं आणि रत्नाकर मतकरी यांचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आलं. सुधाताई तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या आणि मतकरी वीस. वर्षभरापूर्वी एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन ते बाहेर पडले होते. आज उमरखेडच्या आपल्या उन्हाळी नाट्यमंडळात कॉलेजची जी पोरं मुलांच्या तालमी घेतात, त्यांच्याहून हे दोघे फार मोठे नव्हते. म्हणून हा इतिहास मंडळाच्या स्मरणिकेत यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आपल्या उन्हाळी मंडळाची हकिगत या अंकात मंडळातल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांनीच लिहिली आहे, आणि ती त्यांनीच लिहिणं बरोबर. माझ्याकडे काम आलं ते त्याच्या मागे जाण्याचं. सुट्टीत मुलं गोळा करायची, त्यांच्यासाठी नाटक बसवायचं, तिकीट लावून किंवा न लावता ते लोकांपुढे करायचं, ही रीत मराठीत कुणी घातली, कशी घातली, आणि तिच्यातलं काय टिकलं? गाणाऱ्यांना आपलं घराणं ठाऊक असतं. नाटक करणाऱ्या पोरांनाही ते ठाऊक असावं.

१९५९च्या आधी मराठी मुलं नाटक करतच नव्हती असं मुळीच नाही. शाळाशाळांतून गॅदरिंग होत होतं. आचार्य अत्रे पुण्यात हेडमास्तर होते तेव्हा त्यांनी शाळेसाठी नाटकं लिहिली; 'गुरुदक्षिणा' त्यांतलंच. पण गॅदरिंगचं नाटक म्हणजे मुलांनी करायचं आणि आईबापांनी बघायचं. आपला पोरगा दाढी लावून राजा झालाय, संवाद विसरला तरी गोड दिसतोय, एवढ्यावर टाळी पडायची. समोर बसलेल्या मुलाला त्या नाटकातून काय मिळतं, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. प्रेक्षक म्हणून मूल कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

सुधाताईंनी तो हिशेब बदलला, आणि तो बदलण्याइतकी त्यांची तयारी होती. त्यांचा जन्म १८ मे १९३४चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव आमोणकर. वडील तात्या आमोणकर गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघाशी जोडलेले. हा संघ १९३५ साली स्थापन झाला आणि डॉ. अ. ना. भालेराव यांच्या धडपडीमुळे तो मराठी नाटकाचं मोठं ठिकाण झाला. अशा घरातली मुलगी नाटकात गेली यात नवल नाही, पण सुधाताई आधी नाच शिकल्या. गुरू पार्वतीकुमार यांच्याकडे त्यांनी भरतनाट्यमचे धडे घेतले आणि अठराव्या वर्षी मो. ग. रांगणेकरांच्या 'रंभा' नाटकात रंभेचं काम केलं. त्यानंतर अमेरिकेत जाऊन त्यांनी मुलांच्या रंगभूमीचा रीतसर अभ्यास केला. त्या काळात नाटकाचा अभ्यास करायला परदेशी जाणंच दुर्मीळ, आणि त्यातही मुलांच्या नाटकाचा! परत आल्यावर साहित्य संघाच्या आधाराने त्यांनी 'लिटल थिएटर' उभं केलं.

त्यांनी घातलेली रीत एका वाक्यात सांगता येते: मुलांचं नाटक पूर्ण ताकदीनं करायचं. मोठ्या माणसांची पात्रं मोठ्या, तयारीच्या नटांनी करायची. नेपथ्य, प्रकाश, संगीत, नाच, कपडे यांत 'मुलांचंच तर आहे' म्हणून हात आखडता घ्यायचा नाही. चेटकीण असेल तर मूल खुर्चीत दचकलं पाहिजे आणि जादू असेल तर ती डोळ्यांसमोर घडली पाहिजे. 'मधुमंजिरी'नंतर 'कळलाव्या कांद्याची कहाणी', 'चिनी बदाम', 'अल्लादीन आणि जादूचा दिवा' अशी नाटकं या संस्थेनं केली. सुधाताई स्वतः बसवत, स्वतः भूमिका करत. मोठ्यांच्या रंगभूमीवर त्यांचं नाव होतंच, त्यामुळे मुलांच्या नाटकाकडे कमीपणानं बघणाऱ्यांना बोलायला जागा उरली नाही.

या रीतीचं फळ बघायचं असेल तर भक्ती बर्वे यांचं नाव पुरेसं आहे. त्यांची रंगभूमीवरची सुरुवात 'लिटल थिएटर'च्या नाटकांतून झाली. पुढे १९७५ साली पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'त त्यांनी जी मंजुळा उभी केली, ती ज्यांनी पाहिली त्यांच्या कानात अजून आहे. एका संस्थेनं एक अभिनेत्री घडवली असं मी म्हणणार नाही, कारण माणूस अनेक ठिकाणी घडत असतो. पण ज्या मुलीला लहानपणी रंगमंचावर मोठ्या नटांच्या बरोबरीनं उभं राहायला मिळतं, तालमीला वेळेवर यायचं म्हणजे यायचं हे जिला कळतं, तिचा पाया वेगळाच पडतो. आपल्या मंडळात एकही भक्ती बर्वे निघाली नाही तरी चालेल, पण तो पाया प्रत्येक मुलाला मिळायला हवा.

इथे एक गोष्ट विद्यार्थी कार्यकर्त्यांनी नीट लक्षात घ्यावी. सुधाताईंची संस्था मुलांवर नाटक लादत नव्हती आणि मुलांना नाचवूनही दाखवत नव्हती. तिथे मूल दोन्हीकडे होतं, रंगमंचावर आणि समोर, आणि दोन्हीकडे त्याला पुरता मान होता. आपण शिबिरात कधी कधी घाईघाईत नुसता शेवटचा कार्यक्रम डोळ्यांपुढे ठेवतो. पालक खूश झाले, फोटो निघाले, झालं. तेवढंच झालं तर आपण पुन्हा गॅदरिंगच्या काळात गेलो असं समजावं.

मतकरींचा रस्ता पुढे वेगळा झाला. जन्म १७ नोव्हेंबर १९३८चा. कॉलेजात असतानाच, १९५५ साली, त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली होती. पदवीनंतर बँक ऑफ इंडियात नोकरी. नोकरी सांभाळून लिहायचं, बसवायचं, धावपळ करायची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था काढली आणि पत्नी प्रतिभाताईंना सोबत घेऊन ती जवळपास तीस वर्षं चालवली. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या', 'अचाट गावची अफाट मावशी', 'राक्षसराज झिंदाबाद', 'सरदार फाकडोजी वाकडे'. नुसती नावं वाचली तरी तोंडाला चव येते. लेखकाला मुलांची जीभ कळलेली आहे हे त्या नावांतच दिसतं.

ही संस्था पैसे मिळवण्यासाठी नव्हती, आणि तिनं मिळवलेही नाहीत. पदरचे पैसे घालून, नोकरीच्या पगारावर, तरुण हौशी मंडळींच्या जिवावर ती चालली. दिलीप प्रभावळकर हे त्या मंडळींतलेच एक. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण त्यांनी केली. पुढे 'हसवाफसवी'त एकाच नाटकात सहा भूमिका करणारा हा नट मुलांच्या नाटकातल्या एका बाईच्या, तीही चेटकिणीच्या, भूमिकेतून पुढे आला हे आपल्या पोरांनी विसरू नये. मुलांच्या नाटकात नटाला सगळं मोकळेपणानं करून बघता येतं: आवाज, चाल, अंग. समोरचं मूल खोटं पाच सेकंदांत ओळखतं आणि कंटाळलं की सरळ शेजारच्याशी बोलायला लागतं. एवढा कडक परीक्षक मोठ्यांच्या नाटकाला मिळत नाही.

'अलबत्या गलबत्या' २०१८ साली पुन्हा रंगमंचावर आलं. चिन्मय मांडलेकर यांनी बसवलं आणि चेटकीण केली वैभव मांगले यांनी. प्रयोगांना तुडुंब गर्दी झाली. जी मुलं साठ-सत्तरच्या दशकांत हे नाटक बघून दचकली होती, ती आता नातवंडांना घेऊन आली. ज्यांना वाटत होतं की मोबाइलवर वाढलेल्या मुलांना चेटकीण काय कळणार, त्यांना उत्तर मिळालं.

सुधाताई आणि मतकरी यांच्या त्या काळात मुंबई-ठाण्यात आणखीही माणसं हे काम करत होती. ठाण्यात नरेंद्र बल्लाळ आणि कुमुदिनी बल्लाळ यांची 'नवल रंगभूमी', मुंबईत वंदना विटणकर यांची नाटकं. या सगळ्यांचं वेळापत्रक एकच होतं: मे महिना, दिवाळीची सुट्टी, नाताळ. नाट्यगृहाच्या संध्याकाळच्या तारखा मोठ्यांच्या व्यावसायिक नाटकांना जायच्या, म्हणून मुलांचे प्रयोग बहुतेक सकाळी लागायचे. सुट्टीतली सकाळ, आंघोळ करून, नवे कपडे घालून नाटकाला. मुंबईच्या एका पिढीला सुट्टी म्हटली की हेच आठवतं.

दादरला छबिलदास शाळेत सुलभा देशपांडे शिक्षिका होत्या आणि शाळेतल्या मुलांची नाटकं बसवत होत्या. १९७१ साली अरविंद देशपांडे, सुलभाताई आणि अरुण काकडे यांनी 'आविष्कार' सुरू केली. त्याच शाळेच्या सभागृहात पुढे छबिलदासची प्रायोगिक चळवळ बहरली. 'आविष्कार'नं मुलांसाठी 'चंद्रशाळा' हा स्वतंत्र विभाग काढला. त्यांचं 'दुर्गा झाली गौरी' हे माधव साखरदांडे यांचं नृत्यनाट्य ऐंशीच्या दशकात आलं आणि मुलांच्या कितीतरी तुकड्यांनी ते पुन्हा पुन्हा केलं. ते बसवण्यात गुरू पार्वतीकुमार होते, म्हणजे सुधाताईंना नाच शिकवणारे तेच गुरू. मुलांच्या रंगभूमीचं हे जग असं आतून एकमेकांत गुंतलेलं होतं. 'दुर्गा'मधली मुलं मोठी होऊन निघून गेली की नवी मुलं यायची, पात्रं तीच राहायची. काकडेकाका शेवटपर्यंत या संस्थेचं ओझं खांद्यावर घेऊन चालले. २०१९ साली ते गेले. सुलभाताई त्याआधी, २०१६ साली.

विजय तेंडुलकरांचं या बाबतीतलं काम लोक विसरतात. 'घाशीराम' आणि 'सखाराम बाइंडर' लिहिणाऱ्या या माणसानं मुलांसाठीही नाटकं लिहिली: 'चिमणा बांधतो बंगला', 'पाटलाच्या पोरीचं लगीन', 'बाबा हरवले आहेत', 'राजाराणीला घाम हवा'. यातलं शेवटचं घेऊन सुलभाताईंनी सिनेमाही केला. पुलंनीही 'वयं मोठं खोटम्' लिहिलं. मोठ्या लेखकांना मुलांसाठी लिहिण्यात कमीपणा वाटत नव्हता तो काळ होता. आज तालुक्याच्या गावात बालनाट्याची संहिता शोधायला बसलं की जे हाती लागतं त्यात उपदेश फार आणि नाटक थोडं असतं. झाडं लावा, पाणी वाचवा, मोबाइल ठेवा. विषय चांगले आहेत, पण पात्रांना स्वतःचं काही हवंच नसतं, मग मुलं बोलणार तरी काय?

या बाबतीत पुण्यानं १९८६ साली एक मोठी गोष्ट केली. बर्लिनमध्ये फोल्कर लुडविग यांनी 'ग्रिप्स' नावाची मुलांची रंगभूमी उभी केली होती. तिच्यात राक्षस नाही, परी नाही. असतात ती घरातली, शाळेतली, चाळीतली खरीखुरी मुलं आणि त्यांचे खरे प्रश्न. नट मोठेच, पण ते मुलांची कामं करतात. डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं आणि मॅक्सम्युलर भवनच्या साहाय्यानं 'थिएटर अकॅडमी'नं ही पद्धत मराठीत आणली. श्रीरंग गोडबोले यांनी रूपांतर केलेलं 'छान छोटे वाईट मोठे' त्यांतलंच. सुधाताईंची चेटकीण आणि ग्रिप्समधली रुसलेली मुलगी ही दोन टोकं वाटतात, पण दोघींच्या मागची अट तीच: मुलाला फसवायचं नाही आणि कमी लेखायचं नाही. मला विचाराल तर आपल्या मंडळानं दोन्हींतलं घ्यावं. चेटकीण हवीच, लहान मुलांना ती लागतेच. पण दहा-बारा वर्षांच्या मुलांना आपल्या घरातलं भांडण रंगमंचावर मांडता आलं तर तेही हवं.

विद्यार्थ्यांनी मुलांसाठी नाटक करायचं ही कल्पना जगात नवी नाही, आणि आपल्या पोरांना हे ठाऊक असेल तर त्यांची छाती थोडी पुढे येईल. अमेरिकेत इव्हान्स्टन गावी विनिफ्रेड वॉर्ड या शिक्षिकेनं १९२५ साली मुलांचं थिएटर सुरू केलं ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या आधारानं. मोठ्या माणसांच्या भूमिका विद्यापीठाचे विद्यार्थी करायचे आणि मुलांच्या भूमिका गावातल्या शाळांमधली मुलं. आपल्या मंडळाची घडण नेमकी अशीच आहे: कॉलेजची पोरं आणि शाळेची मुलं. मॉस्कोत १९१८ साली नतालिया सात्स या मुलीवर मुलांच्या नाटकांची जबाबदारी आली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, आपल्याकडच्या दहावीतल्या मुलीएवढी. तिनं ती जबाबदारी निभावली. पुढे तिच्याच सांगण्यावरून प्रोकोफिएव्ह या मोठ्या संगीतकारानं १९३६ साली 'पीटर आणि लांडगा' ही मुलांसाठीची रचना केली, जी आज जगभर वाजते. दुसऱ्याच वर्षी तिला स्टालिनच्या राजवटीत अटक झाली, छावणीत राहावं लागलं, आणि तरी सुटल्यावर ती मुलांच्या रंगभूमीकडेच परतली. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयानं १९८९ साली 'संस्कार रंग टोली' काढली. तिची उन्हाळी शिबिरं मुलांसाठीच असतात.

आता गावाकडे. मुंबई, पुणे, ठाणे इथल्या या संस्था आपल्यापर्यंत पोचल्या का? नाटक पोचलं नाही, नाव पोचलं. नागपूर–तुळजापूर महामार्गावरून उमरखेडला रोज शेकडो गाड्या जातात, पण मुलांच्या नाटकाचा ट्रक इकडे वळत नाही. जिल्ह्याचं ठिकाण यवतमाळ लांब. नांदेड त्याहून जवळ, पैनगंगा ओलांडली की मराठवाडाच. अशा सीमेवरच्या गावाला कुणाचा दौरा लागत नाही. मुलांचं नाटक बघायचं असेल तर ते इथेच बसवावं लागतं. मंडळ निघालं त्यामागचं खरं कारण हेच आहे, आणि ते अभिमानानं सांगण्यासारखं आहे.

उन्हाची गोष्ट मुंबईवाल्यांना सांगून कळत नाही. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. पण याच उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि कॉलेजच्या परीक्षा उरकून मोकळ्या झालेल्या पोरांना हाताशी चांगले आठ आठवडे मिळतात. तालीम सकाळी सहाला किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुपारी मुलं घरी, पण पाच-सहा मुलं तरी कुठल्या तरी ओसरीवर किंवा कूलरच्या खोलीत बसून पुठ्ठ्याचे मुकुट कापत असतात. मुकुटाचं काम कसं चालतं ते मी बघितलंय. मिठाईच्या दुकानातून आणलेले खोके उलगडायचे, डोक्याचं माप दोरीनं घ्यायचं, मैद्याची खळ शिजवायची, वर्तमानपत्राचे दोन थर आणि वर जरीचा कागद. खळ पातळ झाली तर मुकुट संध्याकाळपर्यंत वाकतो. घट्ट झाली तर वाळताना तडकतो. एक सातवीतली मुलगी बोट बुडवून खळ तपासायची आणि मान हलवून सांगायची, 'अजून नाई झाली.' तिचं ऐकायचं असतं हे कॉलेजची पोरं दोन मुकुट वाया गेल्यावर शिकली. पूर्ण ताकद म्हणजे दर वेळी खर्चच असं नाही. खळ बरोबर शिजवणं हीही पूर्ण ताकदच.

आणखी एक बाब आहे, आणि तिच्याबद्दल मी जरा आग्रहानं बोलणार आहे. आपल्याकडची मुलं घरी वऱ्हाडी बोलतात, तांड्यावरची मुलं बंजारा बोलतात, काही घरांत उर्दू आहे, आंध समाजाच्या मुलांची बोली वेगळी आहे. संहिता मात्र पुण्या-मुंबईच्या मराठीत असते. राजपुत्र राक्षसाला म्हणतो, 'अरे दुष्टा, तू मला का बरं घाबरवतोस?' आमच्या राजपुत्राच्या तोंडातून ते वाक्य दगडासारखं बाहेर यायचं. तालीम घेणाऱ्या पोरानं शेवटी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, 'तुझ्या गल्लीत कोणी तुले भेव दाखवलं तर काय म्हणशील?' मुलानं क्षणभरही न थांबता ठणकावलं, 'कायले भेव दाखवून रायला बे मले?' सगळी तालीम हसली, राक्षसही हसला, आणि तेच वाक्य प्रयोगात राहिलं. त्या रात्री त्या वाक्याला जी दाद मिळाली ती लिहून ठेवलेल्या कुठल्याच वाक्याला मिळाली नाही. पहिल्या दोन आठवड्यांत तरी मुलांना त्यांच्या बोलीतच बोलू द्यावं, मग पात्राला हवी ती भाषा आपोआप ठरते. काही पालकांना हे रुचत नाही. मुलांचं मराठी सुधारावं म्हणून ते पाठवतात. त्यांना समजावून सांगावं, पण मागे हटू नये.

विदर्भाला नाटक नवीन नाही हेही इथे नोंदवतो. पूर्वेकडे झाडीपट्टीत दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्यांचं मोठं केंद्र. आपल्या जिल्ह्यात गोंड-कोलामांची दंडार आहे. मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, तान्ह्या पोळ्याला पोरं सजून लाकडी बैल घेऊन निघतात. हे सगळं मुलांच्या अंगात असतं. शिबिरातल्या नाटकात ते आणलं की ताल, रांग, नाच, प्रश्नोत्तर यांसाठी वेगळी मेहनत घ्यावी लागत नाही. सुधाताईंनी नाच आणि नाटक एकत्र आणलं ते भरतनाट्यमच्या जोरावर. आपण ते दंडारीच्या जोरावर आणू शकतो.

मुंबईतल्या त्या संस्थांच्या इतिहासातून एक दुखरी गोष्टही शिकण्यासारखी आहे. मुलांच्या नाटकाच्या बहुतेक संस्था एका माणसाच्या किंवा एका जोडप्याच्या जिवावर चालल्या. ती माणसं थकली, वयं झाली, की प्रयोग थांबले. सुधाताई ५ फेब्रुवारी २०१८ला गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांचं काम आठवणीनं मांडलं, पण ती रीत रोज चालवणारे हात त्याआधीच कमी झाले होते. विद्यार्थ्यांच्या मंडळाचं दुखणं उलटं असतं. पोरं तीन वर्षांत पदवी घेऊन पुण्याला, नागपूरला, नोकरीला जातात. दर वर्षी सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. पण त्यातच एक बळ आहे. कुणा एकावर काही अडत नाही. सातवीत खळ तपासणारी मुलगी उद्या बारावी करून कॉलेजात येईल आणि तालमी घ्यायला लागेल. अशी साखळी जुळली की संस्थेला संस्थापकाच्या आयुष्याची मर्यादा राहत नाही. फक्त एका तुकडीनं पुढच्या तुकडीला सगळं लेखी दिलं पाहिजे.

मतकरींनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत काम असंच पुढच्यांच्या हाती दिलं, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात ते मोठं होतं. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीनं त्यांनी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. वस्त्यांमधली मुलं-मुली, ज्यांनी कधी नाट्यगृहाची पायरी चढली नव्हती, त्यांनी आपल्या जगण्यातले विषय घेऊन स्वतः नाटिका रचल्या, स्वतः बसवल्या आणि 'नाट्यजल्लोष'मध्ये सादर केल्या. मतकरी त्यांना लिहून देत नव्हते. ते विचारत होते, सुचवत होते, बाजूला उभे राहत होते. वयाच्या विसाव्या वर्षी ज्यानं मुलांसाठी पहिलं नाटक लिहिलं, त्यानं शेवटी लेखणी त्यांच्या हाती दिली. २०१८ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. १७ मे २०२०ला, टाळेबंदीच्या त्या मे महिन्यात, करोनानं ते गेले. त्या वर्षी राज्यात कुठेच मुलांचं उन्हाळी नाटक झालं नाही.

आपल्या मंडळाला यातून पुढच्या हंगामासाठी तीन-चार कामं दिसतात, आणि स्मरणिकेच्या निमित्तानं ती मांडून ठेवतो. मुलांनी तालमीत रचलेली वाक्यं आणि प्रसंग रोजच्या रोज एका वहीत उतरवावेत. वही मंडळाच्या कपाटात राहावी, कुणाच्या घरी जाऊ नये. कपडे, मुकुट, मुखवटे यांची यादी करून कॉलेजच्या एखाद्या खोलीत ठेवण्याची परवानगी घ्यावी. प्रयोग गावापुरता न ठेवता ढाणकी, विडूळ, मुळावा इथल्या शाळांत न्यावा, निदान एकेक. तिथली मुलं तिकीट काढून उमरखेडला येणार नाहीत, आपणच गेलं पाहिजे. आणि दर वर्षी किमान एक नाटिका अशी असावी की जी पूर्णपणे मुलांनी रचलेली आहे, जिच्यात कॉलेजच्या पोरांनी फक्त पडदा ओढायचा आणि दिवे सांभाळायचे. पहिल्या वर्षी ती कच्ची होईल, तरीही ती मुख्य नाटकाइतक्याच तालमी घेऊन, त्याच रंगमंचावर, त्याच संध्याकाळी लावावी. दुपारच्या वेळी घाईत उरकू नये.